चेचीबरोबर पाहिलेली मुंबई



आम्ही काही लेखिका नाही. चाळीस वर्षे नर्सिंग केले, त्यात लिहिले ते एवढेच की रात्री दोन वाजता पेशंटला ताप एवढा, नाडी एवढी, पहाटे शांत झोप लागली. शाळेत मराठीच्या बाई सांगत, निबंधात सारखे 'मी मी' करू नये, ते बकरीने करावे. म्हणून हे 'आम्ही'. त्यात माणूस एकच आहे. जिथे दोघी असू तिथे 'दोघी' म्हणून सांगू, म्हणजे घोटाळा नको.

आम्ही सध्या फ्रिस्को या गावी मुलीकडे राहतो. फ्रिस्को म्हटले की आपल्या लोकांना सॅन फ्रान्सिस्को वाटते आणि मग समुद्र कसा आहे म्हणून विचारतात. इथे समुद्र नाही. हे टेक्सास राज्यातले डॅलसजवळचे गाव. एका रेल्वे कंपनीला लोक फ्रिस्को म्हणत, तिच्या रुळांपाशी वस्ती झाली, तेच नाव गावाला पडले. मुलांनो, मुंबईलाही मसजिद नावाचे स्टेशन आहे. ते आपल्या मांडवीच्या १७९६ सालच्या शाअर हारहमीम सिनेगॉगवरून पडले असे आपली म्हातारी माणसे सांगत आली, कारण सिनेगॉगला आपल्या घरांत 'जुनी मशीद' म्हणायचे. तर गावे अशी पडतात. १९९० साली या फ्रिस्कोत जेमतेम ६ हजार माणसे होती, २०२० च्या शिरगणतीत ती २ लाखांवर गेली. त्यात आपले हिंदी लोक एवढे की भाजीच्या दुकानात शेवग्याच्या शेंगा, कडीपत्ता, बिरड्यासाठी कडवे वाल, सगळे मिळते. बेरशेव्यात आम्ही १९७४ साली उतरलो तेव्हा कोथिंबीर पाहून रडू आले होते. इथे रडायला काही कारण ठेवलेले नाही.

हे सगळे सांगायचे कारण एक सिनेमा.

२०२४ सालच्या मे महिन्यात फ्रान्समधल्या कान गावच्या मोठ्या महोत्सवात पायल कपाडिया नावाच्या मुंबईच्या मुलीच्या चित्रपटाला ग्राँ प्री मिळाले. तिथल्या मुख्य स्पर्धेत भारताचा चित्रपट तीस वर्षांनी निवडला गेला होता. इंग्रजी नाव 'ऑल वुई इमॅजिन अॅज लाइट'. नातीने फोनवर बातमी दाखवली आणि म्हणाली, "सफ्ता, हा सिनेमा मुंबईच्या नर्सांवर आहे." आम्हाला आधी खरे वाटेना. आमच्या वेळी सिनेमात नर्स म्हणजे हिरो बेशुद्ध पडला की मागे ट्रे घेऊन उभी राहणारी बाई. डॉक्टर चष्मा काढून "अब सब भगवान के हाथ में है" म्हणणार आणि ती मान खाली घालणार. एक 'खामोशी' तेवढा निराळा, त्यात वहिदा रेहमान नर्स होती. होस्टेलच्या आम्ही नऊ जणी तो पाहायला गेलो होतो आणि परत येताना वहिदाने टोपीला पिन कुठे लावली होती यावरच वाद घातला.

अमेरिकेत हा चित्रपट नोव्हेंबरात लागला. आम्ही लगेच चेचीला फोन केला.

आता चेची कोण ते सांगतो. चेची म्हणजे मल्याळीत मोठी बहीण, आपली ताई. १९६८ साली आम्ही परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नर्सिंगला लागलो, तेव्हा होस्टेलच्या खोलीत आमच्या शेजारची खाट तिची. केरळची ख्रिश्चन मुलगी, आमच्याहून दोन वर्षांनी मोठी. आली तेव्हा तिला ना हिंदी ना मराठी. मराठी ती पेशंटांकडून शिकली, म्हणून तिचे मराठी आजही सगळे हुकमाचे आहे. "उठा. कुशी बदला. जीभ दाखवा. गिळा." आमच्या जावयाला पहिल्यांदा जेवायला वाढले तेव्हा त्याला म्हणाली, "गिळा." तो बिचारा घाबरून गिळत बसला. आम्हाला ती 'कुट्टी' म्हणते, म्हणजे बाळ. पंचाहत्तरी झाली तरी कुट्टीच.

तीन वर्षे आमच्या दोघींचा एक करार होता. आम्हाला शनिवार पाहिजे, शब्बाथचा. तिला रविवार पाहिजे, चर्चचा. मग आमचा शनिवार ती करायची आणि तिचा रविवार आम्ही. मेट्रनबाई ड्यूटीच्या तक्त्यावर आमची नावे एकाखाली एक लिहीत आणि म्हणत, तुमच्या दोघींच्या देवांनी दिवस वाटून घेतले हे बरे केले.

पुढे आम्ही लग्न करून इस्राएलला गेलो. अमेरिकेने १९६५ साली कायदा बदलून बाहेरच्या शिकलेल्या लोकांना वाट करून दिली होती, त्या वाटेने केरळच्या कितीतरी नर्सा इकडे आल्या, त्यांत चेचीही आली. काही वर्षे पत्रे झाली, मग मुलेबाळे, नाईट ड्यूट्या, घरे बदलली, पत्ते हरवले. आमचे हे २०१५ साली गेले. पुढच्या वर्षी मुलीने आम्हाला इकडे आणले. इथे एका दवाखान्यात रक्तदाब मोजणारी सिस्टर मल्याळी निघाली. तिला सहज विचारले, परळच्या हॉस्पिटलातली अमुक एक मुलगी माहीत आहे का? ती म्हणाली, विचारते. दहाव्या दिवशी फोन वाजला आणि पलीकडून कुणी म्हणाले, "कुट्टी, जीभ दाखव." चेची गार्लंडला, आमच्यापासून पाऊण तासावर, चाळीस वर्षे राहत होती. मल्याळी नर्सांचे जाळे पोलिसांपेक्षा पक्के आहे.

तर आम्ही दोघी सिनेमाला गेलो. नात गाडी चालवायला. थँक्सगिव्हिंगच्या आधीचा रविवार, दुपारचा खेळ, थिएटर लहान, माणसे पंधरावीस.

दिवे गेले आणि पडद्यावर रात्रीचा बाजार आला. भाजीच्या गोण्या, ट्रक, डोक्यावर ओझे घेतलेली माणसे, आणि वरून निरनिराळ्या भाषांतले आवाज. कोण कधी मुंबईला आले, कुणाकडे उतरले, पहिल्या दिवशी कसला वास आला. एक जण म्हणतो की वीसबावीस वर्षे झाली तरी या शहराला घर म्हणायला भीती वाटते, कधी सोडून जावे लागेल कुणास ठाऊक. चेचीने आमच्या हातावर हात ठेवला. तो पुढचे दोन तास तिथेच होता, त्यामुळे शेंगदाणे खाता आले नाहीत.

गोष्ट मुलांसाठी थोडक्यात सांगतो. (मुलांनो, हा चित्रपट मोठे झाल्यावर बघा. एकदोन प्रसंग आहेत, आजीला विचारू नका.) प्रभा नावाची मोठी सिस्टर, केरळची. लग्न झाले आणि नवरा जर्मनीला गेला, आता त्याचा फोनसुद्धा येत नाही. तिच्याबरोबर अनु नावाची तरुण नर्स राहते, तिचे एका मुसलमान मुलावर प्रेम आहे. आणि हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात काम करणारी पार्वती, रत्नागिरीकडची. तिचे काम छाया कदम यांनी केले आहे, त्याच 'फँड्री'तल्या आई. पार्वती विधवा. ज्या खोलीत वर्षानुवर्षे राहिली ती बिल्डर पाडणार, आणि तिथे राहत असल्याचा एकही कागद तिच्यापाशी नाही. नवऱ्याने कधी काही सांगितलेच नव्हते.

एक दिवस प्रभाच्या घरी पार्सल येते, जर्मनीहून, भात शिजवायचा विजेचा कुकर. बरोबर चिठ्ठी नाही. रात्री ती एकटी असताना त्या कुकरला मिठी मारते. आमच्या पुढच्या रांगेत कुणीतरी हसले. चेची हसली नाही. होस्टेलमध्ये दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ती पोस्टात जायची आणि पगारातले निम्म्याहून जास्त घरी मनिऑर्डर करायची. पोचपावती आली की तिच्यावरची वडिलांची सही बघत बसायची. चिठ्ठी नसायची, नुसती सही. त्या पावत्या ती उशाखाली ठेवी. आम्ही पोरी तिला चिडवायचो, चेचीला लव्हलेटर आले म्हणून. कुकरचा प्रसंग पाहताना ते आठवले आणि बरे वाटले नाही.

भाषेची एक गंमत झाली. सिनेमात मल्याळी आहे, हिंदी आहे, मराठी आहे, खाली इंग्रजी अक्षरे. प्रभा आणि अनु बोलू लागल्या की चेचीला खाली पाहावे लागत नव्हते, पार्वती बोलू लागली की आम्हाला. त्या पार्वतीचे मराठी ऐकून काय वाटले ते कसे सांगावे! अमेरिकेतल्या थिएटरात, मक्याच्या लाह्यांच्या वासात, मुंबईच्या हॉस्पिटलच्या बाईचे फटकळ मराठी. आम्ही दोघी इतरांच्या आधी हसायचो, बाकीचे अक्षरे वाचून मागून हसायचे. मल्याळी नाव 'प्रभयाय निनच्चदेल्लाम' असे आहे. चेचीने समजावले की प्रभा म्हणजे उजेड आणि प्रभा म्हणजे ती सिस्टरही, इंग्रजीत ते अर्धेच आले.

शेवटी शेवटी समुद्रकाठी एक बुडालेला माणूस वाहून येतो आणि प्रभा त्याच्या छातीवर दाब देते. आम्ही दोघी तोंडातल्या तोंडात मोजू लागलो. आम्ही पंधरावर थांबलो, चेची तीसपर्यंत गेली. बरोबर तीच होती. एकट्याने करायचे तर पूर्वी पंधरा दाब आणि दोन श्वास, २००५ साली तीस आणि दोन झाले. आम्हालाही नंतर तसेच शिकवले होते, पण पहिले शिकलेले आधी बाहेर येते. नात म्हणाली, तुम्ही दोघी त्याला वाचवून आलात काय?

पण लिहायचे आहे ते दुसरेच.

सिनेमाच्या मध्यावर प्रभा पार्वतीच्या घरी जाते. चाळवजा जागा, भिंतीला टेकलेली भांडी, मधे चालायला दोन फूट. पडद्यावर ते फार वेळ नाही. चेची आमच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "तुझी खोली अशीच होती?"

आम्ही म्हटले, "हो."

एवढेच. पुढचा सिनेमा आम्ही पाहिला पण अर्धे लक्ष नव्हते. कारण चेचीने आमची खोली कधी पाहिलीच नव्हती, आणि त्याला कारण आम्ही.

आमचे घर सातरस्त्याला. तिफेरेथ इस्राएल सिनेगॉगपासून पाच मिनिटांवर एक चाळ होती, तिच्या दुसऱ्या माळ्यावर दहा बाय बाराची खोली, माणसे आठ. वडील लोअर परळच्या रेल्वे वर्कशॉपात. मुलांना चाळ माहीत नाही म्हणून सांगतो. एका लांब गॅलरीवर ओळीने खोल्या. कोपऱ्यात मोरी, तिथे अंघोळ, तिथेच भांडी. संडास गॅलरीच्या टोकाला, साऱ्या माळ्यात मिळून चार, सकाळी डबा घेऊन रांग. पाणी पहाटे चारला यायचे आणि सहाला जायचे, म्हणून चारला उठून पिंप भरायचे. आमच्या दारावर मेझुझा, शेजारच्या दारावर गणपतीची तसबीर, पलीकडे गिरणीत काम करणारे कोकणातले सहा जण एका खोलीत, पाळीपाळीने झोपणारे. शुक्रवारी आई शब्बाथचा तेलाचा दिवा लावायची तेव्हा शेजारची बाई आपल्या पोरांना दम द्यायची, "ओरडू नका रे, तेल्यांकडे दिवा लागला." आमच्या पूर्वजांना कोकणात शनिवार तेली म्हणत. तो शब्द तिच्या तोंडी प्रेमाचा होता.

आज हे लिहिताना त्या खोलीचा अभिमान वाटतो. तेव्हा लाज वाटायची. होस्टेलमध्ये पहिल्याच आठवड्यात कुणी विचारले, घर कसे आहे, आणि आमच्या तोंडून गेले, "आमचा ब्लॉक आहे." त्या वेळी मुंबईत ब्लॉक म्हणजे आत संडास-बाथरूम असलेली स्वतंत्र जागा. एकदा बोलून गेले ते गेले. मग कुणाला घरी बोलवायची सोय उरली नाही. सणासुदीला आई डबा द्यायची, पुरणपोळ्या, चिकाचा हलवा, सगळ्या जणी मिटक्या मारत खायच्या. आई दर वेळी म्हणायची, "त्या केरळच्या पोरीला एकदा घेऊन ये." आम्ही म्हणायचो, तिला ड्यूटी आहे. आणि ते खोटे नव्हते. तिला ड्यूटी असायची, आमचीच.

१९७० चा जुलै. आईला टायफॉइड झाला. आम्ही रजा काढून घरी. त्या काळी टायफॉइडला क्लोरोमायसेटिनच्या कॅप्सूल द्यायच्या आणि नेमक्या आमच्या बाजूच्या दोन्ही दुकानांत नव्हत्या. चेचीला कळले. रात्रपाळी करून, सकाळी परळच्या दुकानातून स्वतःच्या पैशाने बाटली आणि ग्लुकोजची पुडी घेऊन, होस्टेलच्या वहीतला पत्ता शोधून, ती भर पावसात आमच्या चाळीपाशी आली. खालून पोरे ओरडली, "अहो, तुमच्याकडे कुणी मद्रासी बाई आलीय!"

आम्ही धावत खाली गेलो. ती जिन्याच्या तोंडाशी उभी होती, पांढरी साडी पोटऱ्यांपर्यंत चिखलाने भरलेली. आम्ही बाटली घेतली. म्हटले, "आई झोपलीय." आणि तिथूनच तिला परत पाठवले. छत्रीसुद्धा दिली नाही, कारण छत्री आणायला वर जावे लागले असते आणि ती मागोमाग आली असती.

वर आलो तर आई जागीच होती. तापातसुद्धा म्हणाली, "वर का नाही आणलीस तिला? चहा तरी..." आम्ही काही बोललो नाही. आईने ते शेवटपर्यंत सोडले नाही. १९७८ साली खोली सोडून ती बेरशेव्याला आमच्याकडे आली, तिथेही अधूनमधून विचारायची, "ती औषध आणणारी पोर कुठे असते गं?" आणि चेची? चेचीने या गोष्टीचा शब्द काढला नव्हता. शनिवार तसेच करत राहिली.

तर तो रविवार. सिनेमा सुटला, आम्ही दोघी गाडीत मागे बसलो. टोलवेवर गर्दी होती. बराच वेळ पार्वतीचे बोलणे चालले, की छाया कदम 'लापता लेडीज'मध्येही होत्या आणि त्या वर्षी भारताने ऑस्करला तोच पाठवला. मग चेची खिडकीकडे पाहत म्हणाली, "त्या दिवशी मी परळपर्यंत चालत गेले. बसला पैसे नव्हते, सगळे कॅप्सूलला गेले."

कुठला दिवस ते तिने सांगितले नाही. आम्हाला कळले.

आम्ही म्हटले, "चेची, मला लाज वाटली. खोलीची. मी सगळ्यांना ब्लॉक सांगितला होता." (इथे 'मी' येणारच, बोलताना कुणी आम्ही म्हणत नाही.)

ती वळली. "ब्लॉक?" म्हणाली. "कुट्टी, तू चाळीतली आहेस हे आम्हाला पहिल्या महिन्यात कळलं होतं. होस्टेलला दिवसभर पाणी. तू रोज पहाटे चारला उठून बादली भरून ठेवायचीस."

नात पुढे बसून खो खो हसली. आम्हाला हसता येईना. पन्नासहून जास्त वर्षे ज्या गोष्टीवर पांघरूण घातले ती सगळ्या होस्टेलला माहीत होती!

मग चेचीने जे सांगितले ते इथे तिच्या परवानगीने लिहितो. ती म्हणाली, चाळ आहे हे माहीतच होते, म्हणून वर न बोलावण्याचे कारण चाळ असेल असे मनातसुद्धा आले नाही. मग दुसरे काय राहिले? एक तर मी ख्रिश्चन, तुमच्या घरात खाण्यापिण्याचे पाळतात, माझा पाय लागलेला चालत नसेल. नाही तर मी मद्रासी. त्या काळी मुंबईत ते वारे जोरात होते. १९६६ साली शिवसेना निघाली, दक्षिणेकडचे लोक मराठी माणसांच्या नोकऱ्या खातात म्हणून आंदोलने झाली, उडप्यांच्या हॉटेलांवर दगड पडले. आमच्या वॉर्डातसुद्धा एखादा पेशंट म्हणायचा, मराठी सिस्टरला पाठवा. आम्ही ते ऐकत होतो आणि जाऊन इंजेक्शन देत होतो. चेचीला काय वाटत असेल ते विचारले नव्हते. मुंबई आमची होती ना! शुक्रवारी चारला पिशवी घेऊन आम्ही घरी निघायचो. चेची म्हणाली, "मी खिडकीतून बघायचे, तू गेटच्या बाहेर जाईपर्यंत. नंतर खाटेवर बसायचे."

हे ऐकताना आम्हाला बेरशेव्यातला आमचा पहिला वॉर्ड दिसला. हिब्रू येत नव्हते. एक म्हातारा रोज पाणी मागायचा आणि आम्ही दर वेळी बेडपॅन न्यायचो. तो ओरडायचा, बाकीच्या नर्सा हसायच्या, आम्ही भांडारात जाऊन रडायचो. तेव्हा चेचीची पुष्कळ आठवण यायची. पत्रात मात्र लिहिले की इथे सर्व छान आहे.

"मग तू माझे शनिवार का करत राहिलीस?" आम्ही विचारले.

ती म्हणाली, "मला रविवार पाहिजे होता ना." थोड्या वेळाने म्हणाली, "टायफॉइड बरा झाला ना आईचा?"

म्हटले, "झाला. आई नव्वदीपर्यंत जगली. रोज तुझी चौकशी."

आम्ही माफी मागितली. ती 'ठीक आहे' म्हणाली नाही, आणि आम्हीही तिच्याकडून ते वदवून घेतले नाही. गार्लंडला तिच्या दारात उतरताना गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "आता तरी वर बोलाव." एवढ्या वर्षांत ती आमच्या घरी अनेकदा आली होती, पण खालीच, कारण गुडघा. आमची खोली माडीवर आहे.

आता कुणी म्हणेल, सिनेमाचे सांगता सांगता ही बाई स्वतःचेच सांगू लागली. खरे आहे. पण परीक्षा करायला वर्तमानपत्रवाले आहेत. आमचे मत विचाराल तर चित्रपट संथ आहे, आमच्या मुलीला मधे डुलकी लागली असती. मुंबईचा पाऊस, लोकल, रात्रपाळी करून उभ्याने झोपणाऱ्या बायका अगदी खऱ्या. पार्वतीला काय काय सोडावे लागते ते पाहून मात्र आम्हाला राग आला, तो अजून उतरलेला नाही. तिचा कागद नव्हता. आमच्या आईकडे सगळे कागद होते, भाड्याची प्रत्येक पावती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात तारखेवार. खोली सोडताना घरमालकाने पागडीतला आपला हिस्सा घेतला, उरलेल्यात विमानाची तिकिटे आली. ती चाळ आता नाही. २०१२ साली आम्ही दोघे नवराबायको पाहायला गेलो होतो. तिथे पत्र्याचे कुंपण आणि आत क्रेन. वॉचमन बिहारचा, तरुण पोरगा. म्हणाला, "माताजी, यहाँ कोई नहीं रहता." त्याला काय सांगणार! पावत्यांचा डबा मात्र आई बेरशेव्याला घेऊन आली होती, आम्ही तो फ्रिस्कोला आणला.

२०२४ साली हनुक्काची पहिली रात्र आणि नाताळ एकाच दिवशी आले, २५ डिसेंबर. चेची सकाळी चर्चला जाऊन, दुपारी नातवंडांचे जेवण आटोपून, संध्याकाळी मुलाला घेऊन आली. बरोबर अप्पम आणि तिखट स्ट्यू, मांस नसलेला, बटाट्याचा, आमच्यासाठी मुद्दाम. आम्ही मलिदा केला होता, भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची, वर फळे. पहिली मेणबत्ती लावली, प्रार्थना झाली. मग चेची उठली आणि जिन्याकडे गेली. मुलगा म्हणाला, अम्मा, नको. ती त्याला म्हणाली, "बसा."

चौदा पायऱ्या आहेत. कठड्याला धरून चढली, मधे दोनदा थांबली. आम्ही मागून, पडली तर धरायला. आमच्या खोलीत आली, पलंगावर बसली, चारी बाजूंना पाहिले. आम्ही तो पत्र्याचा डबा काढून तिच्या मांडीवर दिला. तिने चष्मा लावून वरची पावती वाचली. मराठी छापील अक्षर तिला वाचता येते, वॉर्डातल्या पाट्यांमुळे.

"अकरा रुपये?" ती म्हणाली. "आठ माणसांना अकरा रुपये? माझं मेसचं बिल याच्या तिप्पट होतं!"

खालून मुले हाका मारत होती, मलिदा वाढायचा होता. ती म्हणाली, थांबा. आणि दुसरी पावती काढली.